बरोबररावांचं मत

नाव त्यांचं वेगळं होतं. दुकानाच्या पाटीवर ते ठसठशीत रंगवलेलंही होतं. पण सलूनमध्ये पाटी वाचायला कोण येतो? खुर्चीत बसलेला माणूस काहीही बोलला की मागून कात्रीच्या तालावर उत्तर यायचं, "बरोबर!" उन्हाला शिव्या घालणाऱ्याचं बरोबर, आणि थंडीपेक्षा ऊन परवडलं म्हणणाऱ्याचंही बरोबर. सासूला कंटाळलेला जावई उठून गेला आणि त्याच खुर्चीत त्याचा सासरा येऊन टेकला, तरी दोघंही समाधानाने मान झटकून, मानेला पावडर लावून घरी जायचे. रस्ता त्यांना बरोबरराव म्हणायला लागला, आणि बरोबररावांनी त्यालाही हरकत घेतली नाही.

लोकांना वाटायचं, माणूस स्वभावाने लोणी आहे. खरं म्हणजे ती धंद्याची शिस्त होती. वडिलांनी हातात वस्तरा दिला तेव्हाच बजावलं होतं, "ज्याच्या गळ्यावर पातं ठेवलंय त्याच्याशी वाद घालायचा नाही. बोलणारा माणूस हलतो आणि चिडलेला माणूस उसळतो." तरण्या वयात असलं कोण ऐकतं? कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा एक गृहस्थ दाढीला बसला होता. आदल्या दिवशीच्या सामन्यात सगळी चूक गोलकीपरची होती, असं तो म्हणाला. बरोबरराव, तेव्हा नुसतेच धाकटे मालक, पातं फिरवता फिरवता बोलून गेले, "गोलकीपर बिचारा काय करेल? पुढचे सगळे झोपा काढत होते!" गृहस्थ उसळला. पातं हनुवटीत रुतलं. तुरटी घासून घासून रक्त थांबलं, पण पांढरी रेघ राहिली ती राहिलीच. घड्याळकाका पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसले, हा काकांचा मोठेपणा. बरोबररावांनी मात्र कानाला खडा लावला. त्या दिवसापासून ते रेघेकडे बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर, काका."

असं आयुष्य निघून गेलं असतं. पायांनी दगा दिला.

सलूनवाल्याचं सगळं कौतुक हातांचं होतं, भार मात्र पाय वाहतात. बरोबररावांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या उठल्या होत्या. घोट्याजवळ एक जखम झाली, ती भरायचं नाव घेईना. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला आणि चष्म्यावरून विचारलं, "दुसरं काही काम येतं का?"

"बरोबर आहे तुमचं," बरोबरराव म्हणाले.

"अहो, मी प्रश्न विचारलाय!"

दुसरं काम येत नव्हतं, पण हेच काम दुसऱ्याला शिकवता येणार होतं. सरकारी व्यवसाय शिक्षण केंद्रात केशकर्तनाचा वर्ग सुरू व्हायचा होता. केंद्राच्या प्रमुख बाईंनी बरोबररावांचा हात पाहिला, एका अवघड डोक्यावर करून घेतलेली कटिंग पाहिली आणि म्हणाल्या, "शिक्षक म्हणून तुम्हीच हवे. उंच स्टुलावर बसून शिकवा, पाय वर घ्या, कोणी काही म्हणणार नाही. पण बारावी पास लागते. फार तर फेरपरीक्षेचा निकाल लागेपर्यंत जागा धरून ठेवते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा बारावी अर्ध्यावर सुटली होती. आता पोक्त वयात बरोबररावांनी पुन्हा पुस्तकं काढली, आणि मागच्या खेपेला बाकीचे विषय धक्के मारत पलीकडे नेले. घोडं अडलं ते आधुनिक इतिहासापाशी. तेवढा एक निघाला की स्टूल, नाही निघाला की पुन्हा उभं राहणं, आणि उभं राहणं म्हणजे काय ते घोट्याजवळची जखम रोज सांगत होती.

*

पुस्तक घेऊन एका जागी बसायची सवय मोडलेली. दोन पानं झाली की डोळे मिटायचे. मग बरोबररावांनी आपली युक्ती काढली. हात चालू असले की त्यांचं डोकं चालायचं, म्हणून त्यांनी इतिहास दुकानात आणला. सकाळी पान वाचायचं आणि दिवसभर गिऱ्हाइकांना सांगायचं. दाढीवाल्याला एखादं कारण, केस कापायला आलेल्याला अख्खी लढाई, आणि डोक्याला तेल लावून घेणारा असला तर कारणं, लढाई, तह आणि परिणाम, सगळं ताट वाढून.

रस्त्याला या प्रकाराचं वेड लागलं. एक कारकून केस वाढायच्या आधीच येऊन बसला.

"परवाच तर कापले," बरोबरराव म्हणाले.

"कानाजवळ जरा बघा. आणि त्या राजपुत्राला गोळी लागली, पुढे काय झालं ते राहिलंय."

महायुद्धाला तोंड फुटलं त्या दिवशी बाकावर बसायला जागा नव्हती. बरोबरराव सांगायचेही फार बहारीने. कोणता देश कोणाच्या पाठीशी उभा राहिला हे ते कंगवे, ब्रश आणि साबणाच्या वाट्या फळीवर मांडून दाखवायचे. एका कंगव्याला धक्का लागला की पाठोपाठ सगळी फळी कशी कोसळली, हे एकदा बघितलेला माणूस जन्मात विसरला नसता.

पण एक गंमत झाली, आणि ती बरोबररावांच्या ध्यानातच आली नाही. रंगाच्या दुकानाचे मालक खुर्चीत असले की यंत्रयुगाची गोष्ट कारखानदारांच्या हिकमतीची व्हायची. माल स्वस्त झाला, आगगाड्या धावल्या, जग जवळ आलं. मालक मान डोलवायचे. मग छापखान्यातला कामगार येऊन बसायचा. तेच पान, पण आता पोरंटोरं पहाटे गिरणीत जुंपली जायची, धुराने छाती भरायची, आणि कामगाराची मान डोलायची. घड्याळकाका तर तहाच्या बाबतीत हट्टाला पेटलेले. पहिलं महायुद्ध संपल्यावर हरलेल्या जर्मनीवर जो तह लादला, त्यानेच दुसरं युद्ध पेटवलं, बाकी सगळं झूट.

"माणसाला इतकं नमवलं की तो उलटणारच! काय?"

पांढऱ्या रेघेवरून पातं अलगद नेत बरोबरराव म्हणायचे, "बरोबर, काका."

काकांच्या जागी कामगार बसला की म्हणायचा, "तहाला कशाला बोल लावता? मंदीत लोकांच्या हातचं काम गेलं, म्हणून ते आरडाओरडा करणाऱ्याच्या मागे लागले."

"अगदी बरोबर."

*

इतिहासाच्या बाई वयाने बरोबररावांच्या धाकट्या बहिणीएवढ्या. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी शाळेत मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायच्या. सराव परीक्षेचे पेपर त्यांनी वाटले आणि बरोबररावांना मागे थांबवून घेतलं. पेपरावर जे गुण होते ते पाहून बरोबररावांचं तोंड उतरलं.

"सनावळ्या पाठ आहेत तुमच्या," बाई म्हणाल्या. "माहिती तर कितीतरी. मग हे काय केलंय? तह दुसऱ्या महायुद्धाला कारणीभूत होता हे मत तुम्हाला पटतं का, असा प्रश्न आहे. तुम्ही एक पान लिहिलंय की पटतं. पुढचं पान लिहिलंय की पटत नाही. आणि शेवटी काय लिहिलंय, वाचा बघू."

बरोबररावांनी वाचलं, "अशा रीतीने दोघांचंही बरोबर आहे."

"कोण हे दोघं?"

"एक घड्याळवाले आहेत, बाई. आणि एक छापखान्यात असतात."

बाईंनी हसू दाबलं. "ते येणार नाहीत परीक्षेला. मला तुमचं मत हवंय."

"तुमचं काय आहे ते सांगा ना बाई. तेच माझं."

आता मात्र बाईंना हसू दाबता आलं नाही. मग त्या गंभीर झाल्या. "हे बघा, दोन्ही बाजू मांडायच्याच असतात, ती चूक नाही. पण मांडून झाल्यावर कुठेतरी उभं राहायचं असतं. अर्धा पेपर अशाच प्रश्नांचा येणार. सगळीकडे असं तळ्यात मळ्यात केलंत, तर तुम्ही नापास होणार. मी स्पष्टच सांगते."

कुठेतरी उभं राहायचं! पायांचं हे असं झालेल्या माणसाला ते वाक्य चांगलंच झोंबलं.

घरी जाऊन त्यांनी पेपर बायकोपुढे ठेवला. बायको पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायची. दिवसभर ओल्या, आरडाओरडा करणाऱ्या पोरांना रांगेत उभं करून करून तिच्या जिभेला चांगली धार आलेली. तिने पेपर वाचला, बाजूला ठेवला आणि खिडकीकडे बोट दाखवलं.

"ते काय आहे?"

"पडदे."

"कसले?"

बरोबररावांनी मान खाली घातली. एक पडदा निळा होता, दुसरा तपकिरी. घेताना तिने दुकानात विचारलं होतं, निळे घेऊ की तपकिरी. दोन्ही छान, असं हे म्हणाले होते. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग तिने खरोखर दोन्ही रंगांचा एकेक घेतला, टांगला, आणि आजवर काढला नव्हता. येणारा जाणारा खिडकीकडे बघून हसायचा.

"अहो, तुमच्या बाईंना आज कळलं ते मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं. माझ्या गळ्यावर काही तुम्ही वस्तरा ठेवलेला नाही. माझ्याशी तरी एकदा भांडून बघा की!"

"भांडायला काही कारण पाहिजे ना."

"शोधा! अभ्यास समजा."

मग घरात अभ्यास सुरू झाला. बायको मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोलायची. "तुमच्या बहिणीचं गाणं किती गोड!" बहीण गायला बसली की खालच्या मजल्यावरचे लोक फिरायला जायचे. बरोबररावांच्या ओठांवर "बरोबर" यायचं, ते ते गिळायचे, पण त्या जागी दुसरं काही यायचंच नाही. त्यांना स्वतःलाच भीती वाटायला लागली. इतकी वर्षं सगळ्यांची री ओढून ओढून आपल्या आत आपलं असं काही उरलंच नसलं तर?

ते हटले नाहीत, इथेच या माणसाला मानलं पाहिजे. पाय सुजले की उशीवर ठेवायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. दुकानात गोष्टी सांगणं त्यांनी बंद केलं. गिऱ्हाइकांनी गिल्ला केला तरी बंद म्हणजे बंद. आता ते टेबलाशी बसायचे आणि प्रत्येक धड्यापुढे स्वतःलाच विचारायचे, खुर्चीत कोणी नाही, आता बोल. बहुतेक वेळा उत्तर यायचं नाही. तरी रोज विचारायचे.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ते असेच बसले होते. बायको कामावरून आली आणि चपला काढत होती. बरोबरराव पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "तो तपकिरी काढ."

बायको एका पायात चप्पल तशीच ठेवून थांबली. "का?"

"जाड आहे. टेबलावर अंधार पडतो. आणि..." त्यांनी घसा साफ केला, "आणि मला तो कधीच आवडला नव्हता."

तिने स्टूल ओढलं, तपकिरी पडदा काढला, घडी घातली. मग पाठमोरीच म्हणाली, "निळा आवडतो ना, का तोही..."

"निळा आवडतो."

"मलाही," ती म्हणाली, आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

*

परीक्षेच्या खोलीत बाकं कोवळ्या पोरापोरींच्या मापाची. बरोबररावांचे गुडघे वर आले आणि घोटा ठणकायला लागला. प्रश्नपत्रिका आली. पहिल्या पानावर सनावळ्या, जोड्या, टिपा. ते त्यांनी साबण फेसाळावा तसं भराभर उरकलं. मग पान उलटलं. मोठ्या गुणांचा प्रश्न तोच होता, घड्याळकाकांचा. 'पहिल्या महायुद्धानंतरचा तह हेच दुसऱ्या महायुद्धाचे कारण होय. हे मत तुम्हाला पटते का? सकारण लिहा.'

लगेच दोघंही डोक्यात शिरले. काका म्हणाले, नमवलं की माणूस उलटणारच. कामगार म्हणाला, मंदी, मंदी. हात आपोआप लिहायला लागला, 'हे मत बरोबर'...

बरोबररावांनी पेन उचललं. टोपण लावलं. बाकावर आडवं ठेवलं.

शेजारची मुलगी चकित होऊन बघायला लागली. आजूबाजूला सगळे मान मोडून लिहीत होते आणि हे गृहस्थ हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर काही नव्हतं. पण बरोबररावांना धड्याचं शेवटचं पान दिसत होतं. तह वाईट होता, ते खरंच. मंदीने लोक पिसाळले, तेही खरं. पण त्याच्यापुढे काय झालं? जर्मनीतला तो आरडाओरडा करणारा पुढारी शेजाऱ्यांच्या मुलखाचा एकेक तुकडा मागत गेला, आणि बाकीचे मोठमोठे देश देत गेले. हा घे, पण शांत राहा. तोही घे, पण उसळू नकोस. एवढ्याने रक्त सांडणार नाही अशी आशा धरून ते हो ला हो करत राहिले.

ही माणसं बरोबररावांच्या ओळखीची होती. हे भय त्यांना आतून माहीत होतं. आयुष्यभर ते हेच करत आले होते. त्यांच्या दुकानात हो ला हो करून फक्त हनुवट्या वाचल्या, तिथे देशच्या देश गेले.

त्यांनी टोपण काढलं, सुरुवातीचे शब्द खोडले आणि लिहिलं, 'मला हे मत पूर्णपणे पटत नाही.'

असं वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात उच्चारलं नव्हतं. पण ते एकदा कागदावर उतरलं, आणि मग हात आवरेना. तहाने जखम केली, मंदीने ती चिघळवली, पण वेळेवर कोणी 'नाही' म्हटलं असतं तर जखमेचं मरण झालं नसतं, असं ते लिहीत गेले. एकेक घटना घेऊन, सन देऊन. इतके रंगले की शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला आणि घंटा झाली. बाहेर येताना ते लंगडत होते आणि त्यांचा चेहरा उजळलेला होता. "कसा गेला?" म्हणून त्या शेजारच्या मुलीने विचारलं.

"शेवटचा राहिला," ते म्हणाले. "पण एक माझा मी लिहिला."

*

निकालाला अवकाश होता. दुकान उघडणं भाग होतं. घड्याळकाका आले, खुर्चीत रेलले, फेस लागला, पातं गालावरून फिरायला लागलं.

"तो तहाचा प्रश्न आला होता म्हणे! लिहिलंस ना, तहानेच युद्ध झालं म्हणून?"

पातं हनुवटीच्या रेघेपाशी आलं होतं. बाकावर छापखान्यातला कामगार पेपर वाचत बसला होता. बरोबररावांनी पातं उचललं. वस्तरा मिटला. आरशाच्या फळीवर ठेवला, हात पुसले आणि खुर्चीच्या पुढे येऊन उभे राहिले.

"नाही, काका. मला नाही पटत ते."

कामगाराच्या हातातला पेपर खाली आला. काका खरंच उसळले. फेसाचा शिंतोडा आरशावर उडाला. "नाही म्हणजे? इतकी वर्षं तर बरोबर बरोबर म्हणत होतास!"

"तेव्हा हातात वस्तरा होता."

"आणि आता?"

"आता फळीवर आहे. तुम्ही हवं तेवढं हला."

काका हलले! हातवारे केले, खुर्चीत अर्धे उठले, बरोबररावांना मूर्ख म्हणाले, मग कामगारालाही म्हणाले. बरोबररावांनी एकेक मुद्दा शांतपणे मांडला. कंगवे पुन्हा फळीवर आले. गालावरचा फेस वाळून पांढरा पोपडा झाला, तो पुसून नवा लावायला लागला. शेवटी काका आरशात स्वतःची अर्धी दाढी बघत गुरगुरले, "मला अजून पटलेलं नाही."

"नका पटवून घेऊ," बरोबरराव म्हणाले. "मान वर करा."

आणि पातं त्या जुन्या रेघेवरून लोण्यातून जावं तसं गेलं.

निकाल लागला. बरोबरराव पास झाले, जेमतेम, दाराच्या चौकटीला डोकं घासून जाण्याएवढे. अर्ध्या राहिलेल्या प्रश्नाने चांगलाच हात दाखवला होता. पण इतिहासाच्या बाईंनी स्वतः दुकानात येऊन अभिनंदन केलं, आणि बायकोने तलावावर त्या दिवशी प्रत्येक पोराला तिकिटाबरोबर सांगितलं की आमचे हे इतिहासात पास झाले. पोरांना त्याचं काही नव्हतं, पण रांग सरकेना म्हणून ऐकून घेतलं.

आता बरोबरराव केंद्रात उंच स्टुलावर बसतात. पाय समोरच्या पेटीवर, घोट्याची जखम सुकत आलेली. पहिल्यांदा खऱ्या माणसाची दाढी करायची वेळ आली तेव्हा विद्यार्थ्यांपुढे गाल द्यायला कोणी तयार होईना. घड्याळकाका आपण होऊन आले आणि खुर्चीत बसले.

"घाबरू नका रे. ही हनुवटी तुमच्या मास्तरांनीच उद्घाटन करून ठेवलीय."

एक मुलगी पुढे झाली. तिने पातं नीट धरलं होतं. काकांना गप्प बसवेना. "आजकालच्या पोरांना काही म्हणजे काही येत नाही. काय गं?"

मुलगी रेघेकडे बघत घाईने म्हणाली, "बरोबर, आजोबा."

स्टुलावरून आवाज आला, "थांब. वस्तरा मीट. फळीवर ठेव."

तिने ठेवला.

"आता हात पुसून पुढे ये," बरोबरराव म्हणाले, "आणि सांग त्यांना. खरंच पटलं का तुला?"